पालटाची घात : आच्छादनाखालील भाजीपाला आणि त्याचे वेळापत्रक

उघड्या रानात शेती करणाऱ्यास हंगाम केव्हा सुरू झाला हे आभाळ सांगते. मृगाचा पाऊस पडला, जमिनीस वाफसा आला, की पेरणीची घात आली असे तो ओळखतो. आणि थंडी अगर कडक ऊन पडू लागले की पिकाचे दिवस भरले, हेही त्याला कोणी सांगावे लागत नाही. पारदर्शक आच्छादनाखाली भाजी पिकविणाऱ्याची स्थिती निराळी असते. त्याच्या वाफ्यावर पाऊस पडत नाही, त्याच्या रोपांना वारा लागत नाही, आणि बाहेर बर्फ असताना आत हिरवे पान उभे असते. यामुळे एक पीक काढून दुसरे केव्हा घालावे हे त्याला निसर्ग परस्पर कळवीत नाही. ते त्याला स्वतःच ठरवावे लागते. आच्छादनाखालच्या शेतीचे यश या एका निर्णयावर फार मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे, आणि आपल्या देशात याच निर्णयाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते मत साधार मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कागद मिळाला, पंचांग राहिले

प्लॅस्टिकच्या हरितगृहाचा इतिहास फार जुना नाही. पॉलिथिन हा पदार्थ इंग्लंडातील रसायनशास्त्रज्ञांच्या हाती १९३३ साली प्रथम आला. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे एमरी मायर्स एमर्ट यांनी १९४८ साली काचेऐवजी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा वापरून हरितगृह उभारले, आणि हे खर्चिक साधन सामान्य शेतकऱ्याच्या आटोक्यात येण्याचा मार्ग मोकळा झाला. भारतात २००५-०६ साली राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू झाल्यानंतर अशा हरितगृहांचा प्रसार वाढला. आज सांगाडा आणि प्लॅस्टिकचा कागद यांच्या खर्चाचा मोठा हिस्सा सरकारी साहाय्यातून मिळू शकतो. पुणे-नाशिककडील शेतकरी ज्याला पॉलिहाउस म्हणतात, त्यात ढोबळी मिरची व फुले पिकताना महाराष्ट्रातील वाचकांनी पाहिली असतील.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु साहाय्याचे मोजमाप आपण कशाने करतो? किती चौरस मीटर क्षेत्र कागदाखाली आले, यावरून. त्या कागदाखालची जमीन वर्षाचे किती महिने खरोखर भाजी देते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. नवीन हरितगृह मिळालेल्या शेतकऱ्याच्या हाती नकाशा असतो, साहित्याची यादी असते. पण कोणते पीक कोणत्या आठवड्यात काढावे आणि त्याच्या जागी काय लावावे, याचे त्याच्या गावापुरते पंचांग त्याला कोणी दिलेले नसते. असे पंचांग नसल्यास काय होते, हे जेथे अगदी उघडपणे दिसून येते असा आपल्या देशातील प्रदेश म्हणजे लडाख. म्हणून पुढील विवेचनासाठी तेथील उदाहरण घेऊ.

लडाखातील हरितगृह

लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, ३४ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. तेथे वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून सुमारे १०० मिलिमीटरच पाणी पडते. जानेवारीच्या रात्री उष्णतामान शून्याखाली १५ अंशांच्या आसपास, आणि कधी त्याहूनही खाली, उतरते. उघड्या शेतात भाजीचा हंगाम मे ते सप्टेंबर एवढाच. हिवाळ्यात झोजी खिंड बर्फाने बंद होई, आणि मग कित्येक महिने ताजी भाजी विमानानेच यावयाची. अलीकडच्या वर्षांत खिंड बंद राहण्याचा काळ बराच कमी झाला आहे. तथापि भर हिवाळ्यात बाहेरून येणारी भाजी महाग आणि बेभरवशाची असते, ही गोष्ट फारशी बदललेली नाही.

अशा ठिकाणी दोन प्रकारची हरितगृहे रूढ झाली आहेत. पहिल्या प्रकारात जमिनीत सुमारे ३ फूट खोल चर खणून त्यावर पॉलिथिनचा कागद अंथरतात. भोवतालच्या मातीची ऊब हेच त्याचे पांघरूण. दुसऱ्या प्रकारात पूर्व, पश्चिम आणि उत्तर या तीन बाजूंना कच्च्या विटांच्या जाड भिंती उभारून दक्षिणेकडील उतरती बाजू कागदाने झाकतात. दिवसा भिंती उन्हाने तापतात आणि रात्री ती उष्णता आत सोडतात. भिंतींची ही योजना केवळ सोयीची नाही, ती आवश्यक आहे. काच जमिनीतून निघणारी उष्णता बव्हंशी अडविते. साधे पॉलिथिन तिला बरेचसे निसटू देते. त्यामुळे निरभ्र रात्री नुसत्या कागदाच्या बोगद्यातील उष्णतामान कधी कधी बाहेरच्यापेक्षाही खाली जाते. भिंती, जमिनीचा आधार आणि रात्री आतून ओढावयाचा कापडी पडदा यांनीच ती गळती थांबविता येते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या लेह येथील प्रयोगशाळेने, तसेच अनेक स्वयंसेवी संस्थांनी, या रचना सुधारण्यासाठी पुष्कळ परिश्रम घेतले आहेत.

आता अशी कल्पना करा की एकाच गावात, एकाच मापाची, शेजारी शेजारी दोन हरितगृहे आहेत. भिंती सारख्या, कागद सारखा, माती सारखी. एकातून जानेवारीत दर आठवड्यास पालकाची टोपली निघते. दुसऱ्यात त्याच वेळी बोटभर रोपे मुकाट उभी आहेत आणि ती मार्चपर्यंत तशीच राहणार आहेत. हा फरक बांधकामाचा असू शकत नाही. तो सप्टेंबरात घेतलेल्या, किंवा न घेतलेल्या, एका निर्णयाचा आहे. तो समजून घेण्यासाठी वनस्पती दिवस कसे मोजते हे पाहिले पाहिजे.

उष्णतेचा जमाखर्च

वनस्पतीची वाढ भिंतीवरील दिनदर्शिकेच्या तारखांनी होत नाही; तिला मिळालेल्या उष्णतेच्या बेरजेने होते. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७३५ साली मांडली. तिचे आजचे रूप सोपे आहे. प्रत्येक पिकाचे एक किमान उष्णतामान असते. त्याखाली वाढ जवळजवळ थांबते. दिवसाचे कमाल आणि किमान उष्णतामान यांची सरासरी काढावी, आणि तीतून हे किमान उष्णतामान वजा करावे. उरेल ती त्या दिवसाची कमाई.

उदाहरणार्थ, शरद ऋतूतील एका दिवशी हरितगृहात कमाल उष्णतामान १५ अंश व किमान ५ अंश आहे असे धरू. सरासरी १० अंश झाली. टोमॅटोचे किमान उष्णतामान सुमारे १० अंश असते. म्हणजे त्या दिवसाची टोमॅटोची कमाई शून्य. विलायती पालकाचे किमान उष्णतामान सुमारे ४ अंश धरले, तर त्याच दिवशी त्याच वाफ्यात पालकाच्या खात्यात ६ अंश जमा होतात. जमीन तीच, कागद तोच, ऊनही तेच. एका पिकाला तो दिवस फुकट गेला आणि दुसऱ्याला तो कामाचा ठरला. ज्या आठवड्यात टोमॅटोची कमाई शून्याकडे झुकू लागते आणि पालकाची अद्याप भरीव असते, तोच पालटाचा आठवडा. ही घात ओळखण्यास कमाल व किमान उष्णतामान दाखविणारा एक साधा तापमापक आणि एक वही एवढे साहित्य पुरेसे आहे.

प्रकाशाची मुदत

उष्णतेच्या जोडीला दुसरा हिशेब प्रकाशाचा. दिवस सुमारे १० तासांहून लहान झाला की पालेभाज्यांची वाढ फार मंदावते, असा हरितगृहे चालविणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे. इंग्लंडच्या दक्षिण भागात अशी स्थिती ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेतीन महिने असते. लेह येथे ती डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे पाचेक आठवडेच असते, आणि आकाशही बहुधा निरभ्र असते. पुण्याच्या अक्षांशावर तर वर्षातील सर्वांत लहान दिवसही ११ तासांच्या आसपास भरतो.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. युरोपातील पुस्तकांत दिलेली पेरणीची कोष्टके आपल्याकडे जशीच्या तशी चालणार नाहीत. आणि पुण्याचे कोष्टक लेहला किंवा लेहचे पुण्याला चालणार नाही. लडाखात हिवाळ्यातील अडचण प्रकाशाची कमी आणि थंडीची अधिक आहे. थंडीवर भिंतीने व पडद्याने काही अंशी मात करता येते. ज्या प्रदेशाला निसर्गाने हिवाळ्यातही एवढे ऊन दिले आहे, त्याने केवळ उशिरा पेरणी झाली म्हणून ते वाया घालवावे, ही खेदाची गोष्ट होय.

शरदातील पालट

मुख्य अडचण येथेच आहे, आणि ती तांत्रिक असण्यापेक्षा मनाची अधिक आहे. सप्टेंबरच्या मध्यास हरितगृहातील टोमॅटो उभा असतो. वेलीवर हिरवी फळे लटकत असतात, शेंड्याला फुलेही असतात. एवढे कष्ट घेऊन वाढविलेले पीक फळांसकट उपटावयास कोणाचा हात धजेल? लडाखात ही हरितगृहे पुष्कळदा घरातील स्त्रियाच पाहतात. त्यांच्यापुढे हिवाळ्यातील जेवणाचा प्रश्न असतो, आणि दिसणारे फळ सोडून न दिसणाऱ्या पानावर विश्वास ठेवा असे त्यांना सांगणे सोपे नाही. म्हणून पीक आणखी पंधरा दिवस ठेवले जाते, मग आणखी आठ दिवस. ऑक्टोबरच्या अखेरीस एका रात्री थंडीने वेली काळवंडतात, आणि मग घाईघाईने पालक पेरला जातो. तो रुजतो, कारण विलायती पालकाचे बी २ ते ५ अंशांवरही हळूहळू रुजू शकते. पण दोन-चार पाने येतात न येतात तोच डिसेंबर उजाडतो, आणि वाढ थांबते. सप्टेंबरात पेरलेला पालक मात्र तोवर पूर्ण पानावर आलेला असतो. थंडीला सरावलेला असा पालक शून्याखालचे काही अंशही सोसतो आणि हिवाळाभर तोडणी देतो. हिवाळ्यात हरितगृह जणू कोठीचे काम करते : वाढ आधी करून ठेवावयाची आणि नंतर गरजेप्रमाणे काढून घ्यावयाची.

टोमॅटो उपटणे म्हणजे नुकसान, ही समजूतही तपासून पाहिली पाहिजे. फूल उमलल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारणतः ४५ ते ६० दिवस लागतात, आणि रात्री थंड असल्यास त्याहूनही अधिक. याचा अर्थ, जुलैच्या अखेरीनंतर उमललेले फूल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत फळ देण्याची आशा फारच थोडी. शिवाय रात्रीचे उष्णतामान १३ अंशांखाली गेले की परागांचे कार्य बिघडते आणि फळ नीट धरत नाही. तेव्हा जुलैच्या अखेरीस शेंडा खुडावा. म्हणजे झाडाची शक्ती नव्या फुलांत न जाता धरलेल्या फळांत जाते. सप्टेंबरात जी फळे हिरवी पण पूर्ण वाढलेली असतील ती काढून घरात ठेवावीत. फळ कापताना आतील बिया सुरीखाली न चिरता गरातून सटकत असतील, तर ते पूर्ण वाढलेले समजावे. अशी फळे १८ ते २१ अंश उष्णतामानात घरातच पिकतात. फार थंड जागी मात्र त्यांना रंग चढत नाही. सारांश, ज्या फळांसाठी वाफा अडवून ठेवावयाचा, त्यांतील बरीचशी वाफा मोकळा करूनही मिळतात.

आणि बाजाराचा विचार केला तरी न्याय हाच. सप्टेंबरात उघड्या शेतातील माल हाती असतो, रस्ते खुले असतात, टोमॅटो सर्वत्र मिळतो. जानेवारीत हिरवे पान दुर्मिळ असते. स्वस्त मालासाठी महाग मालाची जागा अडविणे हा हिशेब कोणताही व्यापारी मान्य करणार नाही.

जागा मोकळी करणे अगदीच जिवावर येत असेल, तर मधला मार्ग आहे. ऑगस्टच्या अखेरीस टोमॅटोची खालची पाने काढून टाकावीत आणि त्याच्या पायाशी मोकळ्या झालेल्या पट्ट्यात पालक किंवा कोथिंबीर पेरावी. सलाडसारख्या भाज्यांची रोपे आधीच ट्रेमध्ये तयार ठेवली, तर वाफ्याचे तीन-चार आठवडे वाचतात आणि पालट एका दिवसाचे काम होते. टोमॅटो काढतेवेळी मुळासकट न उपटता जमिनीलगत कापावा, म्हणजे शेजारच्या कोवळ्या रोपांना धक्का बसत नाही. मुळांवर रोगाच्या गाठी असतील तर मात्र ती खणून काढणेच इष्ट.

वसंतातील पालट

वसंतात हाच प्रश्न उलट दिशेने येतो. मार्चमध्ये ऊन वाढते, पालक जोमाने फुटतो आणि त्याला काढावेसे वाटत नाही. परंतु दिवस १३-१४ तासांचा होऊ लागला की विलायती पालक फुलावर येतो. पाने लहान व कडवट होतात. लेह येथे दिवस एप्रिलच्या मध्यास १३ तासांचा होतो. पालकाची मुदत त्याच सुमारास संपली, असे समजण्यास हरकत नाही. तेव्हाच वाफा रिकामा करून टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची यांची रोपे लावता आली पाहिजेत. आणि त्यासाठी त्यांचे बी सहा ते आठ आठवडे आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीस, घरातील उबदार कोपऱ्यात पेरलेले असले पाहिजे. काकडीस १० अंशांखालची रात्र सोसत नाही. म्हणून तिची पाळी शेवटी. याच काळात हरितगृहाचा एक कोपरा कोबी-फुलकोबीच्या रोपवाटिकेला द्यावा. मे महिन्यात उघड्या शेतात लावण्यास तयार रोपे मिळाली, तर त्या आखूड हंगामाला कित्येक आठवड्यांची जोड मिळते. हरितगृहाचा हा उपयोग कदाचित सर्वांत किफायतशीर आहे.

जमिनीचा विसावा

वर्षभर जमीन पिकाखाली ठेवावी असे आमचे म्हणणे आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. कागदाखाली पाऊस पडत नसल्याने खतांतील व पाण्यातील क्षार वाहून जात नाहीत. ते वरच्या थरात साचतात. टोमॅटो, वांगी, ढोबळी मिरची ही एकाच कुळातील पिके पाठोपाठ घेतली, तर मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचे आयतेच फावते. दख्खनच्या पठारावरील हरितगृहांत हा त्रास विशेष आढळतो. तेथील पंचांगात म्हणून एप्रिल-मे मधील चार ते सहा आठवडे मोकळे ठेवावेत. जमीन भिजवून तिच्यावर पारदर्शक कागद घट्ट अंथरला, की उन्हाच्या तापाने वरच्या थरातील बऱ्याच सूत्रकृमी, बुरशी व तणांची बीजे नष्ट होतात. लडाखात ज्यांच्या भिंती पातळ आहेत त्यांनी डिसेंबर-जानेवारीत सक्तीने पीक घेण्याऐवजी जमिनीस विश्रांती द्यावी, हे उत्तम. पिकांची फेरपालट जितकी आवश्यक, तितकाच हा विसावाही. मात्र तो ठरवून दिलेला असावा; विलंबामुळे आपोआप पडलेली रिकामी जमीन म्हणजे विसावा नव्हे.

साहाय्य कशाचे मोजावे

यावर एक आक्षेप घेतला जाईल. चौरस मीटर मोजता येतात, शहाणपण मोजता येत नाही. सरकारी योजनेला मोजता येईल तेच धरावे लागते. आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु तोडणीचे महिनेही मोजता येतात. प्रत्येक हरितगृहात एक वही ठेवावी. तीत रोजचे कमाल-किमान उष्णतामान, प्रत्येक पेरणीची व तोडणीची तारीख आणि अंदाजे वजन लिहावे. दोन-तीन वर्षांत त्या गावाचे स्वतःचे पंचांग तयार होईल, आणि ते कोणत्याही छापील कोष्टकापेक्षा अधिक विश्वसनीय असेल. साहाय्याचा पहिला हप्ता बांधकामावर द्यावा. पुढचा मात्र वहीत दिसणाऱ्या तोडणीच्या महिन्यांवर द्यावा.

दुसरी सूचना पुरवठ्याविषयी. हिवाळी भाज्यांचे बी ऑगस्टच्या आत गावात पोहोचले नाही, तर सप्टेंबरचा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी निरुपयोगी आहे. उन्हापासून टिकाव धरणाऱ्या चांगल्या कागदाचेही आयुष्य काही वर्षांचेच असते, आणि उंचावरील प्रखर ऊन ते आणखी घटविते. फाटलेला कागद बदलण्याचे साहित्यही उन्हाळ्यातच मिळाले पाहिजे. शेतकऱ्याने घात साधावी असे म्हणणाऱ्या कचेऱ्यांनी आपली घातही चुकवू नये.

मराठीत पेरणीची योग्य वेळ आणि नाश या दोहोंना ‘घात’ हा एकच शब्द आहे. कागदाखालच्या शेतीत या दोन अर्थांमधील अंतर पंधरा दिवसांचे आहे. आभाळाने ठरवून दिलेल्या वेळेपासून आपण काही अंशी मोकळे झालो, ही विज्ञानाची देणगी. पण ती वेळ ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे आपल्यावर आली आहे. ती उचलावयाची असेल, तर येत्या हंगामात प्रत्येक हरितगृहाच्या दाराशी एक तापमापक टांगावा आणि त्याखाली एक वही ठेवावी. खर्च थोडा आहे. जानेवारीतील टोपली मात्र त्यावरच अवलंबून आहे.